सहा आठवड्यांत युक्लिड

अमेरिकेच्या माध्यमिक शिक्षणात भूमिती हा नुसता विषय नसतो, ते एक अख्खे वर्ष असते, ही गोष्ट मराठी वाचकाने प्रारंभीच ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रात नववी-दहावीच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि गणित भाग २ म्हणजे भूमिती ही दोन पुस्तके शेजारी शेजारी नांदतात आणि शालान्त परीक्षेत दोहोंना ४०-४० गुणांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका मिळतात. तिकडे मात्र बीजगणित १, भूमिती, बीजगणित २, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस अशी रांग लागलेली असते व तीत भूमितीला दोन बीजगणितांच्या मध्ये एकट्याने उभे राहावे लागते. ही व्यवस्था कोणी पूर्ण विचारांती ठरवली असावी असा समज करून घेण्याचे कारण नाही. १८९२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नेतृत्वाखाली नेमलेल्या ‘दहांच्या समिती’च्या गणितविषयक परिषदेने, बीजगणिताचे पहिले वर्ष झाल्यावर सिद्धतांची भूमिती सुरू करावी आणि पुढील दोन वर्षे ती बीजगणिताच्या जोडीने चालवावी, असे सुचवले होते. शाळांच्या वेळापत्रकात या शिफारशीचा पूर्वार्ध तेवढा टिकला आणि उत्तरार्ध गळून पडला. समित्यांच्या शिफारशींना सर्वच देशांत साधारण हीच गती मिळते.

उन्हाळी भूमितीचा उगम या रांगेत आहे. नववीत बीजगणित १ घेणारा विद्यार्थी सरळ मार्गाने चालत गेला तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोहोचतो, आणि नामवंत विद्यापीठांकडे डोळे लावून बसलेल्या पालकांना कॅल्क्युलसविना बारावी ही कल्पनाच सहन होत नाही. तेव्हा रांगेतून कोणाला तरी काढून सुट्टीत उरकणे भाग पडते आणि पाळी हटकून भूमितीवर येते, कारण बीजगणित २ चे तिच्यावाचून फारसे अडत नाही. सान फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक शाळांनी २०१४ मध्ये बीजगणित १ आठवीतून काढून सरसकट नववीत नेले तेव्हा तेथील पालकांनी ज्या पळवाटा शोधल्या, त्यांत उन्हाळ्यात भूमिती आटोपून घेणे ही एक होती. महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या एसएटी या परीक्षेतही गणिताच्या ४४ प्रश्नांपैकी भूमिती व त्रिकोणमिती मिळून सुमारे १५ टक्केच वाटा येतो, त्यामुळे हा विषय घाईत झाला तरी चालेल, या समजुतीला एक प्रकारचा संख्याशास्त्रीय आधारही लाभतो. मराठी घरांत उन्हाळ्यात जशी पापड-कुरडयांची वाळवणे पडतात, तशी या घरांत भूमिती कडकडीत वाळवून डब्यात भरली जाते. दोन वर्षांनी त्रिकोणमितीच्या वेळी डबा उघडल्यावर आत काय निघेल, याची हमी मात्र कोणी देत नाही.

विद्यार्थी शाळेत जाणारा असेल तर ही वाळवणे शाळेच्या गच्चीवर पडतात आणि पालकांना केवळ अर्ज भरावा लागतो. खरी मौज होमस्कूल करणाऱ्या कुटुंबात आढळते. होमस्कूलिंग म्हणजे मुलाला शाळेत न घालता त्याच्या शिक्षणाची कायदेशीर जबाबदारी पालकांनी स्वतः पत्करणे. १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत हा मार्ग कायदेशीर ठरला, परंतु देखरेखीच्या बाबतीत राज्याराज्यांचे स्वभाव वेगळे आहेत. टेक्सास आणि न्यू जर्सी येथे सरकारदरबारी नोंदणी करावी लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा शिक्षण आराखडा, दर तिमाहीचा अहवाल आणि वार्षिक मूल्यमापन असा सरंजाम लागतो. कॅलिफोर्नियात एक प्रचलित मार्ग असा की पालकांनी १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान एक प्रतिज्ञापत्र भरावे आणि आपल्या घरात एक खाजगी शाळा चालते असे राज्याला कळवावे. त्या क्षणापासून स्वयंपाकघरालगतचे टेबल ही विद्यासंस्था होते. तिची पटसंख्या एक असते, मुख्याध्यापिका एक असते, आणि मधल्या सुट्टीत डबा गरम करून देणारी व्यक्तीही तीच असते.

अशा कुटुंबांनी शाळा का सोडली, हे त्यांना विचारल्यास उत्तरे अनेक मिळतात, पण एक उत्तर बहुतेकांकडे सामाईक असते: शाळेत तीस मुलांना एकाच वेगाने हाकतात, घंटा वाजली की अर्धवट राहिलेला विचार दप्तरात कोंबावा लागतो, आणि मुलाला स्वतःच्या गतीने शिकता येत नाही. हे म्हणणे रास्तच आहे. परंतु आठवीचा मे महिना उजाडला की या स्वतःच्या गतीविषयी घरात निराळी चर्चा सुरू होते आणि ती गती शाळेच्या सहापट असावी, असा आग्रह धरला जातो. सहापट हा आकडा अलंकारिक नाही. अमेरिकेतील शालेय वर्ष साधारणपणे १८० दिवसांचे असते आणि जलद उन्हाळी अभ्यासक्रम बहुधा ६ आठवड्यांचा, म्हणजे कामाच्या ३० दिवसांचा असतो. त्यातून १९ जून आणि ४ जुलै या राष्ट्रीय सुट्ट्या वजा जाता हाती २८ दिवस उरतात. दुसरीकडे एका क्रेडिटचे, म्हणजे एका विषयाच्या एका वर्षाच्या अध्ययनाला मिळणाऱ्या अधिकृत मापाचे, मूल्य कार्नेगी एकक या नावाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठरले ते परंपरेने १२० तासांचे. भागाकार केला असता रोज सव्वाचार तासांहून थोडा अधिक वेळ निव्वळ वर्गात बसावे लागते, गृहपाठ वेगळा. या हिशेबाचा एक उपसिद्धांत असा की उन्हाळ्यात एक दिवस आजारी पडणे हे शाळेत आठवडाभराहून अधिक गैरहजर राहण्याबरोबर असते, आणि जुलैतल्या साध्या तीन दिवसांच्या सर्दीत वर्तुळ हे प्रकरण त्याच्या सर्व जीवा, स्पर्शिका आणि चक्रीय चौकोनांसह कायमचे वाहून जाऊ शकते.

गतीचा प्रश्न तरी अंकगणिताने सुटतो. प्रतिष्ठेचा तसा सुटत नाही. होमस्कूल केलेल्या मुलाचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे नववी ते बारावीच्या सर्व विषयांचे एकत्रित गुणपत्रक, पालकच तयार करतात, आणि त्यावर आईने लेकराला दिलेल्या श्रेणीला त्या वर्तुळात ‘मम्मी ग्रेड’ असे हसत म्हटले जाते. आईने दिलेला ‘ए’ खरा असतो की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीतील अनोळखी माणसाला तो खरा वाटेल का, ही चिंता मुख्य आहे. म्हणून ज्या पालकांनी शाळा नामक संस्थेचा दाखला नाकारला, तेच पालक उन्हाळी भूमितीसाठी मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला शोधू लागतात. मान्यता म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन. शाळांची तपासणी करून त्यांना प्रमाणित करणाऱ्या कॉग्निया किंवा पश्चिमेकडील वॅस्क यांसारख्या संस्थांची नावे अशा घरांत जेवताना उच्चारली जातात. कॅलिफोर्नियात याच्या जोडीला ‘ए-जी’ नामक आणखी एक कसोटी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी ठरवलेल्या विषयसमूहांची ती यादी असून तीत गणिताची किमान तीन वर्षे आणि त्यांत भूमिती अनिवार्य असते, आणि अभ्यासक्रम विद्यापीठाने संमत केलेला असावा लागतो; टेबलावरच्या शाळेला अशी संमती सहसा नसते. मुलगी पोहण्यात किंवा टेनिसमध्ये चमकणारी असेल तर महाविद्यालयीन क्रीडा नियामक संस्थेचे, अर्थात एनसीएएचे, मुख्य विषयांविषयीचे नियमही पाहावे लागतात. त्यामुळे समांतर रेषांचा अभ्यास कोठे केला यावर तिने पुढे पाण्यात उतरायचे की नाही हे अंशतः अवलंबून राहते.

या शोधाचा सर्वांत रम्य टप्पा परीक्षेचा. काही विद्यापीठे दूरशिक्षणाने माध्यमिक अभ्यासक्रम चालवतात आणि त्यांच्या अंतिम परीक्षेस पर्यवेक्षक असावा लागतो. तो नातेवाईक असता कामा नये, अशी अट सामान्यतः असते. राज्याच्या कायद्याने जी बाई मुख्याध्यापिका, शिक्षिका आणि निबंधक म्हणून ग्राह्य आहे, तीच दोन तास मुलासमोर गप्प बसण्यास मात्र अपात्र ठरते, आणि मग गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालास विनंती करावी लागते. अमेरिकन ग्रंथपाल हे कामही सौजन्याने करतात, ही त्या देशाची जमेची बाजू नोंदवून ठेवली पाहिजे.

अभ्यासक्रमांचे प्रकार सांगायचे तर ते वरकरणी पुष्कळ दिसतात, परंतु पालकांच्या चिंतेच्या दृष्टीने दोनच उरतात: ज्यात मुलगा मागे पडतो आहे हे रोज कळते ते, आणि ज्यात ते शेवटी कळते ते. पहिल्या प्रकारात ठरलेल्या वेळी पडद्यावर शिक्षक अवतरतात, हजेरी घेतात आणि रात्री गृहपाठ जमा करून घेतात. दुसऱ्या प्रकारास स्वगती अभ्यासक्रम म्हणतात. त्यात सर्व धडे पहिल्याच दिवशी खुले होतात, मुदत काही महिन्यांची असते, आणि उत्साही कुटुंबे ती स्वेच्छेने ६ आठवड्यांवर आणतात. स्वगतीचा आलेख काढल्यास तो जूनमध्ये भूमीशी समांतर राहतो आणि ऑगस्टमध्ये तिच्याशी काटकोन करतो. खान अकॅडमीचे धडे फुकट आहेत आणि चांगलेही आहेत, पण क्रेडिट देणे हे त्यांचे काम नाही. म्हणून अनेक घरांत असे दृश्य दिसते की क्रेडिटसाठी पैसे भरलेला अभ्यासक्रम एका खिडकीत उघडा असतो आणि समजण्यासाठी फुकटचा दुसऱ्या खिडकीत. स्थानिक सार्वजनिक शाळेचा उन्हाळी वर्ग हाही एक पर्याय असतो, मात्र तेथे एकाच नावाखाली दोन निराळ्या जमाती भेटतात. एक, जी भूमितीत नापास झाल्यामुळे ती पुन्हा घेत आहे, आणि दुसरी, जी भूमिती लवकर संपवून पुढे पळू पाहते आहे. पहिल्या जमातीसाठीच्या वर्गास ‘क्रेडिट रिकव्हरी’ म्हणतात आणि तो भूमिती एकदा शिकून झाली आहे असे धरून चालतो. नोंदणीच्या गडबडीत या वर्गात जाऊन पडलेल्या हुशार मुलास पहिल्याच दिवशी आपण एक अख्खे वर्ष विसरून गेलो आहोत असा भास होतो.

इतके सर्व जुळून आल्यावर, आणि बहुधा शुल्क भरून झाल्यावर, अभ्यासक्रमात भूमिती आहे का, हा प्रश्न निघतो. भूमिती म्हणजे क्षेत्रफळे काढणे नव्हे, हे युक्लिडच्या वेळेपासून मान्य आहे. मोजक्या गृहीतकांवरून एकेक पाऊल कारण देत पुढे जाणे, म्हणजे सिद्धता, हा तिचा प्राण आहे. महाराष्ट्रात याचे संस्कार पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता या चार पायऱ्यांनी होतात व प्रत्येक विधानासमोर कंसात कारण लिहावे लागते. अमेरिकन पाठ्यपुस्तकांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून कागदाच्या मध्ये उभी रेघ मारून डावीकडे विधान आणि उजवीकडे कारण अशी दोन रकान्यांची सिद्धता रूढ झाली. दोन्ही पद्धतींवर रुक्षतेचा आरोप झालेला आहे आणि तो निराधार नाही, तरी त्यांत विद्यार्थ्याला निदान रिकाम्या कागदाशी झुंजावे लागे. जलद अभ्यासक्रमात काटछाट करायची वेळ आली की पहिला घाव सिद्धतेवर पडतो, कारण सिद्धता तपासायला माणूस लागतो आणि माणूस महाग असतो. मग संगणकावर सिद्धतेची वाक्ये विस्कटून दिली जातात आणि विद्यार्थ्याने ती बोटाने ओढून योग्य चौकटीत बसवायची असतात. प्रत्येक पावलाला कारण मागणारे शास्त्र अशा रीतीने ‘रिकाम्या जागा भरा’ या प्राचीन प्रश्नप्रकारात विलीन होते.

याची जाणीव असलेले पालक पुस्तकांकडे वळतात आणि तेथेही सुखाने राहत नाहीत. हॅरॉल्ड जेकब्स यांचे १९७४ पासून चालत आलेले पाठ्यपुस्तक व्यंगचित्रांनी नटलेले असून होमस्कूल मंडळींत लाडके आहे, रिचर्ड रुस्चिक यांचे ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’चे पुस्तक विद्यार्थ्याला आधी प्रश्नात ढकलते आणि पद्धत मागाहून सांगते, आणि ज्यांना याहून कठोर व्रत हवे असते ते आन्द्रेय किसेल्योव्ह यांचे रशियन पुस्तक घेतात, जे १८९२ मध्ये निघाले आणि अलेक्झांडर गिवेंताल यांनी २००६ मध्ये इंग्रजीत आणले. सुजाण पालक तिन्ही पुस्तके मागवतात, तिन्हींतील पहिली प्रकरणे स्वतः वाचतात आणि दुसऱ्या प्रकरणापासून ती मुलाच्या स्वाधीन करतात. युक्लिडच्या पहिल्या ग्रंथात ४८ प्रमेये आहेत. २८ दिवसांच्या उन्हाळ्यात तो एकच ग्रंथ घ्यायचे म्हटले तर पाचवे प्रमेय, म्हणजे समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात हे, तिसऱ्या दिवशी दुपारी येते. मध्ययुगीन युरोपात या प्रमेयास गाढवांचा पूल म्हणत, कारण मंद विद्यार्थी तेथेच अडून बसत. जलद अभ्यासक्रमात अडून बसण्यास वेळ ठेवलेला नसल्यामुळे सर्वच पलीकडे पोहोचतात, आणि कोण कसा पोहोचला याची विचारपूस होत नाही.

घरच्या घरी भूमिती शिकण्याची परंपरा अर्थातच अमेरिकेने शोधलेली नाही. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये एत्येन पास्काल यांनी आपल्या मुलाला घरीच शिकवले आणि पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याला गणित लागू द्यायचे नाही, असे ठरवून ती पुस्तके दडवून ठेवली, कारण एकदा ही गोडी लागली की लॅटिनकडे दुर्लक्ष होईल अशी त्यांची भीती होती. मुलगा ब्लेझ बारा वर्षांचा असताना कोळशाने फरशीवर आकृत्या काढत बसला आणि रेषांना दांड्या व वर्तुळांना गोल म्हणत स्वतःच्या हिमतीवर युक्लिडच्या बत्तिसाव्या प्रमेयापर्यंत, म्हणजे त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असते इथवर, पोहोचलेला वडिलांना आढळला, असे त्याच्या बहिणीने लिहून ठेवले आहे. वडिलांना गहिवरून आले आणि त्यांनी फावल्या वेळात वाचायला युक्लिड हाती दिला. आजच्या होमस्कूल करणाऱ्या पित्याच्याही डोळ्यांत अशा वेळी पाणी येईलच, परंतु ते पुसता पुसता तो फरशीचे छायाचित्र घेऊन ठेवील आणि बत्तीस प्रमेयांना अर्धे क्रेडिट धरता येईल का याची चौकशी सुरू करील. अब्राहम लिंकन यांची शैक्षणिक नोंद तर याहून बिकट आहे. आयुष्यात मिळून वर्षभरही शाळेत न गेलेल्या या गृहस्थाने काँग्रेसमधील कारकिर्दीनंतर, चाळिशी गाठताना, युक्लिडचे पहिले सहा ग्रंथ अभ्यासले, आणि १८६० मध्ये निवडणुकीसाठी लिहून दिलेल्या आत्मवृत्तात ते आपण जवळजवळ आत्मसात केल्याचे सांगितले. ‘जवळजवळ’ ही श्रेणी कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेच्या तक्त्यात बसत नाही. राष्ट्राध्यक्षपद तेवढ्यावर मिळाले, ‘ए-जी’ची पूर्तता झाली नसती.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांत, आणि त्यांतही होमस्कूल करणारी थोडी घरे आहेतच, या निवडीस आणखी एक परिमाण मिळते, ते आजोळचे. उन्हाळा हाच पुण्या-सांगलीला जाण्याचा काळ असल्यामुळे अभ्यासक्रम विमानातून नेता येण्याजोगा असावा लागतो. कॅलिफोर्नियात सकाळी १० वाजता सुरू होणारा वर्ग पुण्यात रात्री १०:३० वाजता भरतो, म्हणजे जेवणे आटोपून आजीने गाद्या घातल्यावर शेजारच्या खोलीत एकरूप त्रिकोणांची चर्चा चालू होते आणि ती मध्यरात्र ओलांडते. आजोबांना हा सगळा प्रकार औत्सुक्याचा वाटतो. जुन्या शालान्त परीक्षेत भूमितीत उत्तम गुण मिळवल्याचे ते सांगतात आणि ते खरे असण्याचा संभव आहे, कारण वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पायथागोरसच्या प्रमेयाची आकृती काढून, लंब टाकून, पक्षापासून कारणांपर्यंत सर्व सिद्धता ते न अडखळता म्हणून दाखवतात. मात्र आकृतीतील अक्षरे बदलून दिली तर ते चिडतात. नातवासाठी त्यांनी हौसेने आणलेली कंपासपेटी उघडली जात नाही, कारण त्याच्या अभ्यासक्रमात कोन दुभागण्याचे काम पडद्यावरील साधन करते. तरीही दोघांचे सूत चांगले जमते, कारण आपण केलेले पाऊल का बरोबर आहे हे दोघांनाही विचारलेले आवडत नाही.

एवढ्या सर्व विचारमंथनात विद्यार्थ्याचे मत घेतले जात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते घेतले जाते, फक्त शेवटी घेतले जाते. तोपर्यंत आईने रकाने आखून तक्ता केलेला असतो आणि त्यात मान्यता, ‘ए-जी’, शुल्क, शिक्षकाशी संपर्काचे तास, सिद्धतांचे प्रमाण आणि पैसे परत मिळण्याची अंतिम तारीख यांची बारकाईने नोंद असते. विद्यार्थी तो तक्ता वरपासून खालपर्यंत पाहतो आणि त्यात नसलेला एकच प्रश्न विचारतो: वर्गात कॅमेरा सुरू ठेवावा लागतो का? काही संस्थांचे थेट वर्ग केवळ लेखी संभाषणावर चालतात, त्यांत चेहरा दाखवावा लागत नाही की आवाज द्यावा लागत नाही, असे कळताच निर्णय होतो. चार वर्षांनंतर विद्यापीठाच्या अर्जासोबत प्रत्येक अभ्यासक्रमाचे वर्णन जोडावे लागते, आणि मार्गदर्शक समुपदेशकाच्या भूमिकेतून ते आईच लिहिते. त्यात भूमितीच्या नावासमोर असे नमूद केलेले असते की विद्यार्थ्याची स्वतंत्र विचारशक्ती, लेखी युक्तिवादाची आवड आणि स्वयंशिस्त ध्यानात घेऊन हा अभ्यासक्रम निवडण्यात आला.